ऑर्वेल आणि पन्नास ग्रॅम औषध

१९४८ सालच्या वसंतात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरानजीकच्या हेअरमायर्स रुग्णालयात एका उंच, कृश रुग्णाला सकाळी जाग आली की तोंड उघडता येत नसे. रात्रीतून ओठांवरचे फोड फुटून रक्त वाहिलेले असे आणि ते सुकून दोन्ही ओठ एकमेकांना घट्ट चिकटलेले असत. पाण्याने ओठ भिजवून, हलक्या हाताने सोडवून घेतल्यावरच दिवसाची सुरुवात होई. हा रुग्ण क्षयाचा होता, परंतु ओठांचे हे दुखणे क्षयामुळे उद्भवलेले नव्हते. क्षय बरा व्हावा म्हणून अमेरिकेहून मागवलेल्या औषधाने ते दिले होते. रुग्णाचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जग त्यांना जॉर्ज ऑर्वेल या नावाने ओळखत होते. ‘अ‍ॅनिमल फार्म’ प्रसिद्ध होऊन अडीच वर्षे झाली होती आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’चा पहिला खर्डा पुनर्लेखनाची वाट पाहत पडून होता.

ऑर्वेल यांचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील रिचर्ड ब्लेअर हे ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. मुलगा वर्षाचा होतो न होतो तोच आई आयडा त्याला घेऊन इंग्लंडला परतली. छातीचे दुखणे या मुलाला अगदी लहान वयापासूनच जडले होते. खोकला आणि ब्राँकायटिस यांनी त्याची पाठ पुढे कधी सोडली नाही. ईटनचे शिक्षण संपवून १९२२ मध्ये ते ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून गेले. साम्राज्याची नोकरी पाच वर्षे करून तिचा वीट आला, तेव्हा लेखक होण्याचा निश्चय करून ते परतले. त्यानंतरची वर्षे त्यांनी हेतुपुरस्सर दारिद्र्यात काढली. पॅरिसच्या हॉटेलांत भांडी घासली, लंडनच्या भटक्यांबरोबर धर्मशाळांत रात्री काढल्या. १९२९ मध्ये न्यूमोनिया होऊन पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयात काही आठवडे पडून राहण्याची वेळ आली. दाटीवाटीच्या त्या वॉर्डमधील अनुभवावर त्यांनी पुढे एक निबंधही लिहिला. अशा जागी वावरणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांत क्षयाचा जंतू नेमका केव्हा शिरला, हे सांगणे अवघड आहे. त्या काळी युरोपातील कोणत्याही मोठ्या शहरात तो घरोघरी होता.

१९३६ मध्ये आयलीन ओशॉनेसी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षअखेरीस ते स्पेनच्या यादवी युद्धात उतरले. १९३७ च्या मे महिन्यात शत्रूची गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. मुख्य रक्तवाहिनी थोडक्यात वाचली, आवाज मात्र कायमचा क्षीण झाला. पुढच्याच वर्षी, १९३८ च्या मार्चमध्ये, तोंडातून रक्त पडले आणि त्यांना केंटमधील प्रेस्टन हॉल या आरोग्यधामात हलवावे लागले. आयलीन यांचे बंधू लॉरेन्स हे छातीच्या रोगांचे नामांकित शल्यविशारद आणि त्या आरोग्यधामाशी संबंधित होते. तपासण्या झाल्या, क्षयाचा संशय घेतला गेला, पण निदान अखेर निराळे झाले. श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा, म्हणजे ब्राँकिएक्टेसिसचा, विकार असल्याचे ठरले. सुमारे सहा महिने तेथे काढून ते हवापालटासाठी मोरोक्कोला गेले. औषध असे काहीच नव्हते. विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी हवा एवढाच त्या काळचा उपचार होता.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वैद्यकीय मंडळाने त्यांना अपात्र ठरवले. १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षे ते बीबीसीच्या पूर्व विभागात होते. हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी कार्यक्रम आखणे, युद्धाच्या घडामोडींवर समालोचने लिहिणे हे त्यांचे काम. या समालोचनांची मराठी, गुजराती, बंगाली आणि तामिळ भाषांतरे प्रक्षेपित होत असत. म्हणजे मराठी माणसांनी ऑर्वेल वाचण्यापूर्वी, लेखकाचे नाव न कळता, त्यांचे लेखन मराठीतून ऐकलेले आहे. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे या विभागात त्यांच्या सहकारी होत्या.

युद्ध संपता संपता घरावर आघात झाला. १९४४ मध्ये ऑर्वेल दांपत्याने रिचर्ड नावाचे तान्हे बाळ दत्तक घेतले होते. मार्च १९४५ मध्ये एका शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असतानाच आयलीन यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘अ‍ॅनिमल फार्म’ प्रसिद्ध झाले आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या हाती पैसा आला. अमेरिकेतील आवृत्तीचे मानधन डॉलरमध्ये मिळाले. पुढे औषधाच्या प्रसंगी या डॉलरना वेगळेच महत्त्व येणार होते.

पैसा आला तसे ऑर्वेल लंडन सोडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुरा बेटावर राहायला गेले. बार्नहिल नावाचे ते घर बेटाच्या उत्तर टोकाला, एकाकी उभे होते. वीज नव्हती. बेटावरचे दुकान सुमारे पंचवीस मैलांवर आणि वाटेचा शेवटचा टप्पा नुसता खाचखळग्यांचा. छातीचा रोगी असलेल्या माणसाने अशा दमट, वादळी जागी का जावे, हा प्रश्न त्यांच्या मित्रांना तेव्हाही पडला होता आणि चरित्रकारांना आजही पडतो. ऑर्वेल यांना मात्र तेथे शांतता हवी होती आणि मुलाला मोकळे रान. धाकटी बहीण अ‍ॅव्हरिल घर सांभाळायला आली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मुलाला व भाचरांना घेऊन ते होडीतून फिरायला गेले असता कॉरीव्हरेकनच्या कुप्रसिद्ध भोवऱ्यात होडी सापडली, इंजिन निखळून पाण्यात गेले. सर्वांनी कसाबसा एक खडक गाठला आणि काही तासांनी मच्छीमारांनी त्यांची सुटका केली. त्या थंड पाण्याने आधीच ढासळलेल्या प्रकृतीला धक्का दिला असणार. तरीही डॉक्टरांकडे जाण्याचे ते टाळत राहिले. कादंबरीचा खर्डा अर्धवट राहील ही त्यांची धास्ती होती. अंथरुणात बसून त्यांनी तो पुरा केला, मग डॉक्टरांना बोलावले.

निदान या वेळी स्पष्ट होते. दोन्ही फुफ्फुसांत क्षय, डाव्या बाजूला अधिक, आणि थुंकीत जंतू. १९४७ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुमारास, त्यांना हेअरमायर्समध्ये दाखल करण्यात आले. वजन सुमारे दीड स्टोन, म्हणजे नऊ किलोंहून अधिक, घटले होते. ब्रूस डिक हे तेथील छातीचे तज्ज्ञ. फुफ्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून श्वासपटलाकडे जाणारी नस चिमटून ते पटल काही काळ निकामी करणे आणि पोटात सुईने हवा भरून ते वर ढकलणे, हा त्या काळचा प्रचलित इलाज त्यांनी सुरू केला. हवा शरीरात जिरत असल्याने ती पुन:पुन्हा भरावी लागे. रुग्णाने तक्रार केली नाही, मात्र या प्रकाराची त्यांना मनस्वी भीती वाटे, असे त्या रुग्णालयातील एका तरुण डॉक्टराने नंतर सांगितले आहे.

याच काळात एका नव्या औषधाचा बोलबाला सुरू झाला होता. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्याने १९४३ मध्ये मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले होते. क्षयाच्या जंतूवर माणसाच्या शरीरात चालणारे हे पहिले प्रतिजैविक. युद्धाने कफल्लक झालेल्या ब्रिटनजवळ ते घ्यायला डॉलर नव्हते. जे काही थोडे औषध आले, ते सरकारने वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीसाठी राखून ठेवले. औषध सर्वांना पुरणारे नव्हतेच, म्हणून ते कोणाला मिळावे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने ठरवले गेले. चाचणीतील १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि ५२ जणांना केवळ अंथरुणातील विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. आधुनिक वैद्यकातील चाचण्यांचा पाया याच अभ्यासाने घातला, असे मानले जाते. पण हे आकडे प्रसिद्ध झाले १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये. ऑर्वेल यांना त्याआधीच औषध हवे होते आणि ते बाजारात मिळत नव्हते.

मग ओळखी कामी आल्या. ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राचे संपादक डेव्हिड अ‍ॅस्टर हे ऑर्वेल यांचे जिवलग मित्र. अमेरिकेतून औषध मिळवण्याची खटपट त्यांनी केली. ते देशात आणण्याची परवानगी लागणार होती आणि त्या वेळचे आरोग्यमंत्री होते अ‍ॅन्युरिन बेव्हन. ज्या ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकाचे ऑर्वेल साहित्य संपादक होते, त्याची धुरा बेव्हन यांनी वाहिलेली होती. परवानगी मिळाली. सुमारे सत्तर ग्रॅम औषध मागवण्यात आले. अ‍ॅस्टर पैसे द्यायला तयार होते, पण ऑर्वेल यांनी ते नाकारले आणि खर्च स्वतः सोसला. अमेरिकेतील मानधनाचे डॉलर येथे उपयोगी पडले. एका ग्रॅमला एक पौंड आणि वर साठ टक्के विक्रीकर, असा भाव त्यांनी आपल्या टिपणवहीत नोंदवला आहे. वशिल्याखेरीज हे औषध मिळत नव्हते, हेही त्यांनी तेथेच लिहून ठेवले आहे. समतेसाठी आयुष्यभर लेखणी झिजवलेल्या माणसाला ही नोंद करताना काय वाटले असेल, याचा तर्क ज्याने त्याने करावा. टाळली असती तरी चालली असती अशी ती नोंद आहे. त्यांनी ती टाळली नाही.

१९४८ च्या फेब्रुवारीत इंजेक्शने सुरू झाली. रोज एक ग्रॅम. हेअरमायर्समधील डॉक्टरांना या औषधाचा अनुभव नव्हता. ते कानाच्या नसेवर परिणाम करते, चक्कर येते, तोल जातो, क्वचित बहिरेपण येते, एवढे चाचणीतून कळू लागले होते. ऑर्वेल यांच्या बाबतीत जे घडले ते यापेक्षा अगदी निराळे होते.

त्यांनी या दुष्परिणामांची नोंद वर्षभराने, मार्च १९४९ मध्ये, आपल्या टिपणवहीत केली. एखाद्या वार्ताहराने अपघाताचा तपशील द्यावा तशा कोरड्या, क्रमवार भाषेत ती आहे. औषध सुरू होताच बोटांच्या नखांच्या मुळाशी रंग बदलला. मग चेहरा लालबुंद झाला, कातडीचे पापुद्रे निघू लागले आणि अंगभर, विशेषतः पाठीवर, पुरळ उठले. खाज मात्र नव्हती. साधारण तीन आठवड्यांनी घसा असा धरला की गिळणे असह्य झाले. पेनिसिलिनच्या गोळ्या चघळूनही उतार पडला नाही, कित्येक आठवडे निराळा आहार द्यावा लागला. घशात आणि गालांच्या आतल्या बाजूस फोड येऊन व्रण झाले. ओठांवरचे फोड रात्री फुटत, रक्त वाहून सुके, आणि सकाळी ते ओठ सोडवण्याचा सोहळा होई. नखे मुळापासून भुसभुशीत होऊन वर वर सरकत गेली, खाली नवी उगवू लागली. केस गळू लागले आणि डोक्याच्या मागच्या बाजूस पांढरे शुभ्र पट्टे दिसू लागले.

पन्नास दिवसांनी डॉक्टरांनी औषध थांबवले. ओठ जवळजवळ लगेच भरून आले. पुरळ त्यापेक्षा सावकाश ओसरले, केसांची गळती थांबली. जुनी नखे अखेर गळूनच पडली. नवी नखे पातळ, खडबडीत आली आणि वर्षभरानंतरही ती आखूड कापून ठेवली नाहीत तर चिरत. हा त्रास भोगताना त्यांनी आरडाओरडा केला नाही, याचे रुग्णालयातील मंडळींना नवल वाटे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. औषधाने काम केले होते. पन्नास ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन शरीरात गेल्यावर थुंकीतील जंतू दिसेनासे झाले, ताप उतरला, वजन वाढू लागले. जे औषध त्यांच्या रोगावर लागू पडले, तेच त्यांच्या शरीराला सोसवले नाही. पुढील काळातील काही डॉक्टरांनी त्यांच्या टिपणांवरून ही तीव्र अ‍ॅलर्जी असल्याचा निष्कर्ष काढला आहे. कातडी आणि तोंडातील अस्तर यांवर एकाच वेळी हल्ला करणाऱ्या काही गंभीर औषधविकारांशी ही लक्षणे जुळतात. अशा रुग्णाला अत्यल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत औषध देऊन शरीराला त्याची सवय लावण्याची रीत काही वर्षांतच रूढ झाली. १९४८ मध्ये मात्र हेअरमायर्समध्ये तसे करण्याइतके ज्ञान कोणापाशी नव्हते, आणि औषध बदलून द्यावे म्हटले तर हाताशी दुसरे औषधही नव्हते.

उरलेले औषध वाया गेले नाही. ते दुसऱ्या दोन रुग्णांना देण्यात आले. त्या दोघी डॉक्टरांच्या पत्नी होत्या आणि दोघीही बऱ्या झाल्या, असे हेअरमायर्सच्या आठवणींत नोंदलेले आहे.

१९४८ च्या ५ जुलैला बेव्हन यांच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा प्रारंभ झाला, तेव्हा ऑर्वेल हेअरमायर्समध्येच होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना घरी सोडण्यात आले. डॉक्टरांचा सल्ला विश्रांतीचा होता. ते जुराला गेले आणि कादंबरीला भिडले. हस्तलिखितावर इतकी खाडाखोड झाली होती की दुसऱ्याला ते वाचता येणे कठीण. बेटावर यायला टंकलेखक मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच, कधी सोफ्यावर टेकून तर कधी अंथरुणात बसून, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत सगळी कादंबरी टाइप करून काढली. ती पूर्ण झाली आणि ते कोसळले. वसंतातील सुधारणा या काही आठवड्यांत पुसली गेली, असे त्यांच्या बहुतेक चरित्रकारांचे मत आहे. त्याबद्दल ऑर्वेल यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्या थंडीत लंडनहून एखादा टंकलेखक जुरापर्यंत जाऊ शकला असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९४९ च्या जानेवारीत ग्लॉस्टरशायरमधील क्रॅनहॅमच्या आरोग्यधामात त्यांना हलवले गेले. आता दुसरे एक औषध आले होते, आणि ते तोंडाने घेण्याचे होते. पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, संक्षेपाने ‘पीएएस’. अ‍ॅस्पिरिनच्या कुळातला हा पदार्थ स्वीडनमधील जोर्गेन लेहमान यांनी क्षयावर आजमावला होता. सॅलिसिलेटमुळे क्षयाच्या जंतूचा प्राणवायूचा वापर वाढतो, असे फ्रेडरिक बर्नहाइम यांनी १९४० मध्ये दाखवले होते. त्या रेणूत थोडा फेरफार करून जंतूला फसवावे, ही लेहमान यांची कल्पना. १९४४ मध्ये ते प्रथम रुग्णांना दिले गेले. सुईची गरज नाही, घरीही घेता येईल, ही त्याची मोठी सोय. अडचण मात्राची होती. दिवसाकाठी दहा-बारा ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक औषध गिळावे लागे. मळमळ, उलट्या, जुलाब, अन्नावरची वासना उडणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. ज्या रोगाने माणूस आधीच वाळत चाललेला असतो, त्याच्या तोंडची चव घालवणारे औषध ही विचित्रच गोष्ट म्हणायची. शिवाय पीएएस एकटे दुबळे होते. ऑर्वेल यांना ते देण्यात आले, पण रोग हटला नाही.

मग डॉक्टरांनी पुन्हा स्ट्रेप्टोमायसिनकडे वळायचे ठरवले. एकच इंजेक्शन दिले आणि पहिल्या खेपेची सारी लक्षणे उसळून आली. वर्षभरापूर्वी जी सुरू व्हायला आणि वाढायला दिवस-आठवडे लागले होते, ती आता एका मात्रेने आली. शरीर एकदा एखाद्या औषधाविरुद्ध चेतले की ते विसरत नाही. प्रयोग तेथेच थांबला. जगात त्या वेळी क्षयावर उपयोगी पडतील अशी जी दोन औषधे मिळत होती, त्यांपैकी एक अपुरे होते आणि दुसरे त्यांना वर्ज्य ठरले.

दोन्ही औषधे एकत्र दिली तर काय होते, याची चाचणी ब्रिटनमध्ये त्याच सुमारास चालू होती. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने काही महिन्यांत जंतू औषधाला दाद देईनासा होतो. पीएएसची जोड दिली की हे टळते. हा निष्कर्ष १९५० च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ऑर्वेल यांना १९४८ मध्ये इंजेक्शने सोसली असती, तरी एकट्या औषधाने ते पूर्ण बरे झालेच असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. छोटी, स्वस्त आणि परिणामकारक गोळी. तिचेही दुष्परिणाम होतेच. हातापायांना मुंग्या येत, यकृताला सूज येई. मुंग्यांवर ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराचा, पिरिडॉक्सिनचा, उतारा सापडला. तिच्या भावंडाने, इप्रोनियाझिडने, न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील मरणपंथाला लागलेले रुग्ण इतके उल्हसित झाले की मनाच्या उदासीनतेवरील औषधांचा शोध त्यातून सुरू झाला. दुष्परिणामाचेच पुढे औषध बनल्याचे हे नामांकित उदाहरण.

एडिंबरोत जॉन क्रॉफ्टन यांनी स्ट्रेप्टोमायसिन, पीएएस आणि आयसोनियाझिड अशी तीन औषधे एकत्र देऊन क्षय खात्रीने बरा करता येतो, हे त्याच दशकात दाखवून दिले. हेअरमायर्सपासून एडिंबरो काही फार दूर नाही. भारतात १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने १९३ रुग्णांवर अभ्यास करून, आयसोनियाझिड आणि पीएएस या तोंडाने घेण्याच्या औषधांवर घरी राहिलेला रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच चांगला बरा होतो, हे १९५९ मध्ये सिद्ध केले. पीएएसचा त्रास आणि खर्च टाळण्यासाठी पुढे थायासेटाझोन ही स्वस्त गोळी भारतात आणि आफ्रिकेत दिली जाऊ लागली. काही रुग्णांत तिनेही कातडी सोलवटून टाकणारी, तोंडात फोड आणणारी प्रतिक्रिया होई. एड्सची साथ आल्यावर हे प्रमाण इतके वाढले की एचआयव्हीबाधितांना ती देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेला सांगावे लागले. ऑर्वेल यांच्या वहीतील वर्णन त्या रुग्णांच्या वर्णनाशी चटकन जुळते.

आज नेहमीच्या क्षयावर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल अशा गोळ्या सहा महिने चालणाऱ्या उपचारात दिल्या जातात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते आणि पहिल्या दिवशी रुग्ण हमखास घाबरतो, त्यात धोका नसतो. पायराझिनामाइडने सांधे दुखतात. एथाम्ब्युटॉलने दृष्टी मंदावू शकते, तांबडा-हिरवा रंग ओळखणे कठीण होऊ लागले की डॉक्टरांना तत्काळ कळवावे लागते. भूक मरणे, सतत ओकारी येणे, डोळे पिवळे होणे ही यकृताची तक्रार. अशा वेळी डॉक्टर गोळ्या थांबवतात, रक्त तपासतात आणि एकेक करून पुन्हा सुरू करतात किंवा बदलतात. रुग्णाने आपल्या मनाने औषध सोडले तर जंतू निर्ढावतो. बदलून द्यायला दुसरे औषध असणे, ही गोष्ट १९४९ च्या क्रॅनहॅममध्ये नव्हती.

८ जून १९४९ रोजी लंडनमध्ये ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली. पुस्तकाचा बोलबाला झाला, अमेरिकेतूनही मागणी आली. लेखक त्या वेळी क्रॅनहॅमच्या लाकडी खोलीत पडून होता. पाच वर्षांचा रिचर्ड अधूनमधून भेटायला येई. संसर्गाच्या भीतीने ते मुलाला जवळ घेत नसत, आणि मूल आपल्याला विसरेल याची त्यांना त्याहून अधिक भीती वाटे. रिचर्डला क्षय झाला नाही. पुढे अ‍ॅव्हरिल आत्याने त्याला वाढवले.

सप्टेंबरच्या प्रारंभी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात आणण्यात आले. छातीच्या रोगांचे तज्ज्ञ अँड्र्यू मॉरलँड त्यांच्यावर उपचार करत होते. डी. एच. लॉरेन्स यांनाही त्यांच्या अखेरच्या आजारात मॉरलँड यांनीच तपासले होते. १३ ऑक्टोबरला रुग्णालयाच्या खोलीतच ऑर्वेल यांनी सोनिया ब्राउनेल यांच्याशी विवाह केला. परवान्याची व्यवस्था अ‍ॅस्टर यांनी केली. लग्नानंतर काही दिवस त्यांना हुशारी वाटली. आणखी पुस्तके लिहायची होती, आणि लिहायचे बाकी असलेला माणूस मरत नाही अशी त्यांची समजूत होती. स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात जाण्याचे ठरले, विमानाची तजवीज झाली. तेथे मासेमारी करायची म्हणून गळ मागवून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला होता.

२१ जानेवारी १९५० च्या पहाटे फुफ्फुसातील रक्तवाहिनी फुटून त्यांचा मृत्यू झाला. खोलीत कोणी नव्हते. वय ४६. विमान त्यानंतर चारच दिवसांनी सुटायचे होते. धर्मावर विशेष श्रद्धा नसतानाही इंग्लंडच्या चर्चच्या रीतीप्रमाणे आपले दफन व्हावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. लंडनमध्ये जागा मिळण्याची अडचण होती. तेव्हा अ‍ॅस्टर यांनीच सटन कोर्टनी या खेड्यातील चर्चच्या आवारात व्यवस्था केली. तेथील साध्या दगडावर एरिक आर्थर ब्लेअर हे नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत. जॉर्ज ऑर्वेल हे नाव त्यावर नाही.